तयार नाही

परळच्या लॅबची वेबसाइट आमच्याकडे आली
तेव्हा तिच्यावर कोण कुठे बोट ठेवतं
हे कुणालाच माहीत नव्हतं.
मरोळच्या ऑफिसात बसून आम्ही
दोन आठवडे नुसतं मोजत राहिलो.

सोमवारी नकाशा उघडला.
कुणी फिरकत नाही तिथे निळं,
येऊन-जाऊन असतात तिथे पिवळं,
आणि बोटांची रीघ लागते तिथे लाल,
गोवर उठलेल्या पोराच्या पाठीसारखं.

सगळ्यात वर 'हेल्थ पॅकेज, चाळीस टक्के सूट',
देढियामॅडमनी स्वतः निवडलेला केशरी,
हसणारं कुटुंब, मुलीच्या हातात सफरचंद.
निळंशार.
सफरचंदावर तेवढे दोन ठिपके.
कुणाला तरी भूक लागली असेल.

लाल होतं खाली, पार कोपऱ्यात,
जिथे बटणच नव्हतं.
करड्या अक्षरांत तीन शब्द:
रिपोर्ट तयार नाही.
त्यावर एकोणीस हजार क्लिक.
लिंक नाही, अधोरेखा नाही, मागे काहीच नाही,
भिंतीवर रंगवलेलं दार,
आणि लोक ठोठावत होते.

"युजर गोंधळतोय, हर्षला," मॅडम म्हणाल्या,
"बटण वाटता कामा नये. अजून फिकं कर."
मी फिकं केलं.
पुढच्या सोमवारी लाल तिथंच,
उलट थोडं पसरलेलं,
दिवे गेल्यावर भिंत चाचपतात तसं.

माझे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो,
बॅलार्ड पिअरला एकतीस वर्षं लिफ्टमन होते.
पितळी बटणांच्या फळीवर
तिसऱ्या मजल्याचा आकडा झिजून गेलेला.
तिसऱ्यावर जहाजांवर माणसं पाठवणारी कंपनी.
खलाशांच्या बायका यायच्या,
पगार का आला नाही, पत्र का आलं नाही,
भाऊ स्टुलावरून उठायच्या आत
स्वतःच दाबायच्या, दाबत राहायच्या.
चौथा मात्र कोरा करकरीत.
साहेबांचं बटण भाऊच दाबायचे, एकदा, हळूच.

"दहादा दाबलं म्हणून लिफ्ट पळत नाही, बाई."
किती जणींना ऐकवलं असेल त्यांनी हे.
आणि शनिवारी ब्रासो लावून
तो नसलेला तीन
घासून लख्ख करायचे.

हे मी ऑफिसात सांगितलं नाही.
सांगितलं तर मॅडम स्लाइडमध्ये टाकतील.

रात्रीचे क्लिक वेगळे काढून पाहिले.
तीन वाजून बारा मिनिटं. एकच फोन.
त्याच तीन शब्दांवर तेवीस वेळा.
मग चार मिनिटं काही नाही.
मग एकदाच.
नकाशात बोट उमटतं, माणूस उमटत नाही.
कुणाची गाठ, कुणाचं रक्त,
शेजारी कोण झोपलंय, की झोपेचं सोंग घेतलंय,
हे कळायची सोय नाही.
नसलेलीच बरी.

त्या तीन शब्दांच्या जागी मी लिहिलं:
नमुना पोचला आहे. तपासणी चालू आहे.
गुरुवारी चारनंतर कळेल. आम्ही फोन करू.
लॅबवाले 'फोन करू'वर अडून बसले.
कोण करणार, कधी करणार, पगारात बसतं का.
शेवटी पारधी नावाचा टेक्निशियन म्हणाला,
लिहा तुम्ही, मी करतो.

लाल उतरलं. आधी नारिंगी, मग पिवळं.
मॅडमनी केक मागवला,
वर क्रीमचा बाण काढलेला, माउसचा.

काळाचौकीला घरी पोचले तर
भाऊ स्वयंपाकघरात, दिवा न लावता,
ओट्याला टेकून उभे.
आईचा नमुना सोमवारी दिलाय.
चष्मा कपाळावर, फोन नाकाशी.
"गुरुवार म्हणतंय," ते म्हणाले.
"मग आत्ता कशाला दाबताय?"
"कुठल्या मजल्यावर आहे, बघतो."
आणि अंगठा पुन्हा
त्याच जागी.